पोटाचं ऐकणारी बाई

आम्ही कवी काळजाला फार मान देतो. पण वाईट बातमी आली की गोळा येतो तो पोटात. भाषेला हे केव्हाच ठाऊक होतं, विज्ञान मागून आलं.

१८९९ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग ह्यांनी दाखवलं, की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं अन्न पुढे ढकलतंच. मग आत अन्न आल्याची खबर त्याला देतं कोण?

ते शोधलं एडिथ ब्यूलब्रिंग ह्यांनी. जन्म १९०३, जर्मनीतलं बॉन. शिक्षणाने डॉक्टर. आई ज्यू, म्हणून १९३३ मध्ये बर्लिनच्या इस्पितळातली नोकरी गेली. बाई इंग्लंडला गेल्या, पुढे ऑक्सफर्डला स्थिरावल्या. १९५८ मध्ये त्यांनी आणि सहकारी लिन ह्यांनी गिनीपिगच्या आतड्यावर दाखवलं, की आत दाब वाढला की अस्तरातून सेरोटोनिन स्रवतं. ते मज्जातंतूंची टोकं जागी करतं आणि आतड्याच्या लाटेला जोर येतो. त्याच वर्षी त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या.

पुढे अनेकांनी ही विद्या वाढवली. आज केमोथेरपीनंतरची उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन सेरोटोनिनचा असाच निरोप वाटेत अडवतं. माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, ती गोळी घेतली आणि तीन दिवसांनी दोन घास खिमट पोटात ठरलं. तेव्हा मला ब्यूलब्रिंगबाई आठवल्या. त्यांना हाकलणाऱ्यांनी आईचा धर्म पाहिला होता. आपाच्या गोळीने काहीच विचारलं नाही.