किशोरीताई, शांतता आणि एक जुना हिशेब

परवा शनिवारी दुपारी घरी एक बग शोधत बसलो होतो. कानात हेडफोन, त्यात किशोरी आमोणकरांचा भूप. अर्ध्या तासाने लक्षात आलं की बग जागच्या जागी आहे आणि आपण नुसतेच ऐकतोय. मग ती संध्याकाळ आठवली.

दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. बाबांनी जवळजवळ ओढतच नेलं. नेरुळहून हार्बर, कुर्ल्याला गाडी बदलून दादर. पडदा उघडला आणि... काहीच होईना! तानपुरे जुळताहेत, स्वरमंडळाच्या तारा पिळल्या जाताहेत. मी जरा मोठ्यानेच विचारलं, "सुरू कधी होणार?" पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून अशी नजर टाकली की पुढचे दोन तास मी खोकलोसुद्धा नाही.

गाणं कळलं असं खोटं सांगणार नाही. डोळे मिटून त्या एक स्वर लावायच्या, सोडायच्या, पुन्हा लावायच्या. जणू आधीचा त्यांना पटलाच नव्हता. सगळं सभागृह श्वास धरून.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "केवढा हा नखरा!" बाबा म्हणाले, "नखरा नाही रे. जुना हिशेब आहे तो."

हा हिशेब मला पुढे वाचता वाचता कळला. तो सुरू होतो ताईंच्या आईपासून, म्हणजे मोगूबाई कुर्डीकरांपासून. जन्म १९०४, गाव गोव्यातलं कुर्डी. (ते गाव आज साळावली धरणाखाली आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं.) मोगूबाई कलावंत समाजातल्या. गाण्याला दाद मिळायची, पण गाणारीला मान मिळेलच असं नाही, असा तो काळ. लहानपणीच आई गेली, मग नाटक कंपन्या. सांगलीत जयपूर-अत्रौली घराण्याच्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि शिकवायला घेतलं. ती तालीमही सलग, सुखासुखी मिळाली नाही. पुढे पती लवकर गेले आणि तीन मुलं माईंनी गाण्यावर वाढवली.

थोरली किशोरी आईमागे तानपुरा घेऊन बसायची. आयोजक आईला कसं वागवतात, किती तुटपुंजी बिदागी देतात, कुणाच्या तरी घरी कसं उतरवतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. आपल्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, असं तेव्हाच ठरवल्याचं ताईंनी मुलाखतींत सांगितलंय. लोक ज्याला लहर म्हणायचे, ती ही होती.

गंमत म्हणजे, ज्या आईसाठी त्या जगाशी भांडल्या, तिचंच गाणं त्यांनी जसंच्या तसं गायलं नाही. जयपूर घराणं म्हणजे अनवट राग आणि लयीत घट्ट गुंफलेल्या ताना. आपल्या भाषेत सांगायचं तर उत्तम चालणारा जुना कोड, त्याला कोण कशाला हात लावेल? ताईंनी लावला. आलापी संथ केली, स्वर रेंगाळू दिला, रागातला भाव शोधत बसल्या. घराणं सोडलं म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. मधे आवाज गेला, सुमारे दोन वर्षं गाणं मनातल्या मनात. १९६४ मध्ये 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटासाठी गायल्या, तर माईंनी बजावलं की सिनेमात गायचं असेल तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही! म्हणजे घरातही सवलत नव्हतीच. पुढे 'स्वरार्थरमणी' या ग्रंथात त्यांनी रागरसाचा आपला सिद्धान्तच मांडला.

आता विचार करा. कलावंतांच्या घरातली बाई मंचावर बसते आणि म्हणते, आधी तानपुरे जुळू देत, तोवर तुम्ही गप्प बसा. आणि हजारभर माणसं बसतात! पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिच्या आईला हे मागता आलं असतं का? त्या पंधरा मिनिटांत मी कंटाळलो होतो, पण खरी कमाई तीच होती.

३ एप्रिल २०१७ ला ताई गेल्या. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सबमिशनच्या गडबडीत. पुन्हा जाऊ, जरा कळायला लागल्यावर जाऊ, म्हणता म्हणता राहूनच गेलं.

असो. बाबा अजूनही विचारतात, "वाशीला भाव्यांत गाणं आहे, येतोस का?" हल्ली मी जातो. तानपुरे जुळत असताना गप्प बसतो. आणि हो, बग अजून सापडलेला नाही.