या पिंपात काय आहे?

प्रयोगशाळेत रसायनाची बाटली हाती आली की आपण आधी तिच्यावरचे लेबल वाचतो. नाव, सूत्र, धोक्याचे चिन्ह हे सारे तेथे असणारच, असे आपण धरून चालतो. परंतु रसायन विकणाऱ्याने त्याचे धोके घेणाऱ्याला सांगितलेच पाहिजेत, हा नियम फार जुना नाही.

१९७७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे घडलेली गोष्ट पाहू. तेथील एका कारखान्यात डीबीसीपी (डायब्रोमोक्लोरोप्रोपेन) या रसायनापासून शेतजमिनीतील सूत्रकृमी मारणारे औषध तयार होई. मूळ रसायन इतर कंपन्यांकडून विकत येत असे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाही, हे कामगारांच्या आपापसांतील बोलण्यातून लक्षात आले. तपासणी केली तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प होते, काहींच्या तर मुळीच नव्हते.

डीबीसीपीने उंदरांची वृषणे आक्रसतात, हे उत्पादक कंपन्यांच्या प्रयोगांत १९५०च्या दशकातच दिसले होते. १९६१ साली त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला होता. म्हणजे माहिती उपलब्ध होती. पण शोधपत्रिकेतून ती पिंप उघडणाऱ्या माणसापर्यंत पोचली नव्हती.

माहिती अडते कोठे? माल पुष्कळदा व्यापारी नावाने विकला जातो आणि त्यातील घटक हे धंद्याचे गुपित मानले जाते. हात बदलत जातात तशी माहिती गळत जाते. म्हणून कामगार संघटनांनी आणि नागरिकांनी 'जाणून घेण्याचा हक्क' मागितला. १९८१ मध्ये फिलाडेल्फिया शहराने तसा कायदा केला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय नियमाने रसायनाचे धोके तपासणे, लेबल लावणे आणि मालासोबत सुरक्षा माहितीपत्रक देणे ही जबाबदारी उत्पादकावर व आयातदारावर टाकली.

पुढच्याच वर्षी, २ डिसेंबर १९८४च्या रात्री, भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट सुटले. हजारो रुग्ण दारात आले, तेव्हा या विषारी वायूवर उपचार कोणते करावेत, याची खात्रीची माहिती डॉक्टरांपाशी नव्हती. या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये आपल्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कामगारांना आणि आसपासच्या वस्तीलाही धोक्यांची माहिती देणे कारखानदारावर बंधनकारक झाले. १९८९च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांत सुरक्षा माहितीपत्रकाचा ठरावीक नमुनाच दिला गेला.

युरोपने २००७ पासून हा हक्क साध्या ग्राहकालाही दिला. एखाद्या वस्तूत अतिचिंताजनक यादीतील रसायन वजनाने ०.१ टक्क्याहून अधिक आहे का, असे ग्राहकाने विचारले आणि ते तसे असेल, तर विक्रेत्याने ४५ दिवसांत, मोफत, तशी माहिती दिली पाहिजे.

आता आपल्या शाळेच्या कपाटाकडे पाहू. नमुने टिकवण्याचे फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम डायक्रोमेट पुष्कळ शाळांत असते. दोन्हींचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. पुढच्या खेपेस माल मागवताना मागणीपत्रात एक ओळ वाढवावी : 'प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक सोबत पाठवावे.' ते आले की विद्यार्थ्यांना वाचायला द्यावे. लॅथ्रॉपच्या कामगारांच्या हाती असा एक कागद वेळेवर पडला असता, तर धोका त्यांना आधी समजला असता.