गुडघ्यातली गादी

एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे असे आपण हिणवतो, आणि उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंगही बांधून मोकळे होतो. खुद्द गुडघ्याविषयी मात्र शस्त्रवैद्यांची अक्कल फार काळ अपुरी होती, असे त्याचा इतिहास चाळताना मला दिसले.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन चिवट गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. १८८३ साली एडिंबरो येथे टॉमस अ‍ॅनन्डेल यांनी एका खाणकामगाराची निसटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली, आणि गडी पुन्हा कामाला लागला. आरंभ इतका चांगला होऊनही पुढे घडले भलतेच. १८९७ साली ब्लंड-सटन या नामांकित इंग्रज शस्त्रवैद्याने, या गाद्या म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत, असे मत मांडले. निरुपयोगी वस्तूला टाके कोण घालीत बसणार? फाटली की काढून टाका, असा शिरस्ता पडला. मोठ्या माणसाचे एक वाक्य किती गुडघ्यांना भोवले असेल!

१९३६ साली अमेरिकेत डॉन किंग यांनी कुत्र्यांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले. गादीच्या पोटात पाडलेली चीर सांधत नसे. पण तीच चीर बाहेरच्या काठाच्या अस्तरापर्यंत नेली की सांधे. शिवाय गादी काढलेल्या गुडघ्यातील हाडावरची कूर्चा झिजत होती. १९४८ साली फेअरबँक यांना माणसांच्या क्ष-किरण चित्रांतही तशाच खुणा आढळल्या. तरी शिरस्ता हलेना. १९७० नंतरच्या दशकात मृतांचे गुडघे यंत्रात दाबून पाहिले, तेव्हा सांध्यावरचा निम्म्याच्या आसपास भार या ‘निरुपयोगी’ गाद्याच पेलतात असे कळले.

मला स्वतःला सर्वांत आवडला तो शाईचा प्रयोग. अर्नोक्झ्की आणि वॉरन यांनी मृतदेहांच्या रक्तवाहिन्यांत काळी शाई भरली आणि गाद्या रसायनांनी पारदर्शक केल्या. (तिला ‘इंडिया इंक’ म्हणतात, मूळची ती चीनची!) १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत काळे जाळे फक्त बाहेरच्या काठाला, रुंदीच्या दहा ते तीस टक्क्यांपर्यंतच, दिसले. आतला भाग कोरा. किंग यांच्या कुत्र्यांचे कोडे तेथे उलगडले: रक्त पोहोचते तेथे जखम भरते. टाका कोठे टिकेल आणि कोठे वाया जाईल, हे आता शस्त्रवैद्याला आधीच ताडता येऊ लागले.

मग आतल्या कोऱ्या भागाचे काय? १९८८ साली अर्नोक्झ्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या गादीत तेथेच भोक पाडून त्यात गोठलेल्या रक्ताची गुठळी बसवली. गुठळीची भोके तंतुमय पेशीजालाने भरून आली. नुसती ठेवलेली तशीच राहिली. भरलेला भाग मूळ गादीसारखा मात्र नव्हता, ठिगळच ते.