निजामाची नोंदवही आणि डॉक्टरचा शेरा

मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात रझाकार येतात, जहागीरदार येतात. पण निजामी राजवटीचा १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ चा, हिजड्यांविषयीचा कायदा मराठवाड्यात कुणी सांगत नाही. आपले बदनापूर तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होते.

या कायद्याची व्याख्या बघा. जो पुरुष आपण नपुंसक असल्याचे कबूल करील, किंवा वैद्यकीय तपासणीत तसा स्पष्ट दिसेल, तो हिजडा. म्हणजे एक तर कबुली, नाहीतर डॉक्टरचा शेरा. आणि कबुली कोणाकडून घेतात? आरोपीकडून! संशयितांची नावे हैदराबाद शहरात, तसेच सरकार जाहीर करील त्या ठिकाणी नोंदवहीत चढायची. नोंदलेला माणूस बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसला, नाचला-गायला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

मित्रांनो, ही ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाची नक्कल आहे. पहिल्या भागाने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे पारधी, कैकाडीही त्यात ओढले गेले. तो भाग चळवळीने शिकवला, दुसरा वगळला. जन्मावरून माणसाची जागा ठरवण्याला विरोध करणाऱ्यांनीच तो वगळावा, हे मला पटत नाही.

संस्थान गेले, तरी तेलंगणात हा कायदा उरला. तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला जुलै २०२३ मध्ये. राज्यघटना लागू होऊन तोवर ७३ वर्षे झाली होती.

शेरा मात्र सुटला नाही. आपली लिंगओळख व्यक्तीनेच ठरवायची, शस्त्रक्रियेची अट बेकायदेशीर, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सांगितले. तरी २०१९ च्या कायद्याने स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रिया आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला मागितलाच.

याउलट जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज महिला प्रवर्गातून बाद झाला, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ‘यापुढे स्त्री म्हणूनच राहीन’ हे त्यांचे म्हणणे स्वीकारले. त्या निवडूनही आल्या.

डॉक्टर नकोत असे नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील पोलीस ललित साळवे यांना शस्त्रक्रिया हवीच होती. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ती सुरू झाली. पण त्यांना अडवले होते ते खात्याने नाकारलेल्या रजेने. उपचार मागणाऱ्याला उपचार द्यावेत. केसपेपरवर स्त्री की पुरुष, हे रुग्ण सांगेल तसे लिहावे, एवढी मागणी तालुक्याच्या दवाखान्यापासून सुरू करता येईल.