चित्रणाची पहिली परवानगी

रस्त्यावर वा गांवांत चित्रण करावयाचें तर आज पोलिसांची व स्थानिक संस्थेची परवानगी आधीं मिळवावी लागते. हा खटाटोप आम्हांस कलेच्या वाटेंतील धोंड वाटतो. परंतु मागें वळून पाहिल्यास निराळाच बोध होतो.

१९१३ सालीं प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाच्या बाह्य दृश्यांसाठीं दादासाहेब फाळके यांनीं मुंबईजवळचें वांगणी गांव निवडलें. तलवारी-भाले घेतलेली मंडळी पाहून गांवकऱ्यांस दरोडेखोरच आलेसे वाटलें व मंडळींस अटकेंत बसावें लागलें, अशी हकीकत सांगतात. फाळक्यांनीं कॅमेरा दाखवून आपला उद्योग समजावून दिला, तेव्हां सुटका झाली.

पुढें १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. त्यानें चित्रगृहांस परवाने व तयार चित्रपटांची तपासणी ठरविली. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचा विचार त्यांत नव्हता. तो विचार वांगणीकरांनीं आधींच केला होता! आपल्या वेशींत शस्त्रें घेऊन कोण शिरलें, हें विचारण्याचा त्यांस हक्कच होता. परवान्याच्या कागदामागें आजही तोच प्रश्न उभा आहे. ज्यांच्या दारांत चित्र घ्यावयाचें त्यांस आधीं आपली ओळख द्यावी, ही कलेची अडवणूक नव्हे. तें साधें सौजन्य होय.