लखनौचा पॅनोरमा आणि न दिसणारी माणसे

काही दिवसांपूर्वी रात्री उशिरापर्यंत एक जुने छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहत बसलो होतो. साल १८५८, शहर लखनौ. कैसरबागेतल्या एका उंच जागेवरून घेतलेला हा पॅनोरमा आहे. डावीकडून उजवीकडे सरकत जावे तसे घुमट, मिनार, कमानी, गच्च्या, झाडे, पुन्हा घुमट येत राहतात. शहर इतके देखणे की डोळा हटत नाही. मी मात्र माणसे शोधत होतो. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, दारात बसलेला म्हातारा, पाणी नेणारा भिश्ती, पतंग उडवणारे पोर. लखनौ म्हटले की पतंग आलाच. पण कुठेच काही नाही. एखादा काळा ठिपका दिसला की वाटायचे, हा माणूस असेल. मोठे करून पाहिले की झुडूप निघायचे.

हा पॅनोरमा फेलिचे बिआटो या छायाचित्रकाराचा. मूळचा इटालियन, नागरिकत्व ब्रिटिश. १८५५-५६ला क्रायमियाच्या युद्धात त्याने जेम्स रॉबर्टसनसोबत काम केले होते. हिंदुस्थानातल्या उठावाची बातमी युरोपात पोहोचल्यावर तो फेब्रुवारी १८५८मध्ये कलकत्त्याला उतरला आणि तिथून लखनौकडे निघाला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात इंग्रज फौजेने शहर पूर्ण ताब्यात घेतले. वाजिद अली शाहने दहा वर्षांपूर्वी बांधायला घेतलेली कैसरबाग सैनिकांनी अक्षरशः धुऊन नेली. ‘टाइम्स’चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल तेव्हा तिथे हजर होता. आरसे, शाली, जडजवाहीर कसे फुटले, फाटले, खिशात गेले याचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. त्या लुटीनंतर थोड्याच दिवसांत बिआटोने आपली तिकाटणी तिथे उभी केली.

तेव्हा पॅनोरमा म्हणजे बरीच खटपट असे. कॅमेरा उंच जागी सपाट बसवायचा, एक काच घ्यायची, मग कॅमेरा थोडा फिरवून पुढची. दर काचेत आधीच्या दृश्याचा काठ थोडा यायला हवा. मग कागदावर छापलेल्या सहा-आठ प्रती कडा कापून एकमेकींना चिकटवायच्या. मधे ऊन बदलले, ढग आला की सांधा उघडा पडतो. बिआटोचे सांधे शोधूनही सापडत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. कारागीर म्हणून तो मोठाच होता.

माणसे का दिसत नाहीत याचे उत्तर बहुतेक जण तंत्रावर ढकलतात. त्या काळी काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, चालता माणूस उमटतच नसे, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. पुढे १८८६मध्ये लंडनच्या छायाचित्रकारांसमोर बोलताना बिआटोनेच सांगितले होते की आपण हा वेळ चार सेकंदांपर्यंत खाली आणला होता. चार सेकंदांत चालणारा पुसला जाईल. दुकानात बसलेला माणूस मात्र उमटतो, झाडाखाली झोपलेलाही उमटतो. दुसरे कारण साधे आहे. शहर रिकामे होते. लढाईच्या आधी आणि लढाई चालू असताना हजारो लोक पळून गेले होते. जे उरले ते उंच जागी कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या गोऱ्या माणसासमोर येणार होते थोडेच.

आणि बिआटोला माणसे हवी असली की तो ती मिळवत असे. सिकंदरबागेचे त्याचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. १६ नोव्हेंबर १८५७ला या बागेत सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. छायाचित्र त्यानंतर चारेक महिन्यांनी घेतलेले आहे. पडक्या इमारतीसमोर कवट्या आणि बरगड्या पसरल्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये काही हिंदुस्थानी माणसे आणि एक घोडा शांत उभा आहे. जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने नंतर आठवणींत लिहिले की ती प्रेते मातीने झाकली गेली होती, बिआटोने छायाचित्रासाठी ती उघडी करायला लावली. दोन वर्षांनी चीनच्या मोहिमेतही, ताकू किल्ल्यात, त्याची हीच रीत दिसते. म्हणजे हिंदुस्थानी माणूस त्याच्या चौकटीत येतो तो सांगाडा म्हणून, किंवा इमारत किती उंच आहे हे कळावे म्हणून. घरातला, बाजारातला माणूस येत नाही. या प्रती विकत घेणारे इंग्रज अधिकारी होते, त्यांना घरी पाठवायला विजयाची खूण हवी होती. गिऱ्हाइकाला जे हवे ते दुकानदार मांडणारच.

पॅनोरमात जे शहर दिसते ते पुढे फार काळ टिकले नाही. लष्करी इंजिनिअर रॉबर्ट नेपियरने १८५८मध्येच आराखडा दिला. गल्लीबोळांत फौज अडकते, म्हणून मच्छीभवनाच्या भोवती मोकळे मैदान करा आणि शहराच्या पोटातून रुंद रस्ते काढा. लखनौच्या इतिहासकार वीणा तलवार ओल्डनबर्ग यांच्या मते शहराचा सुमारे दोन-पंचमांश भाग पाडला गेला. आसफुद्दौलाचा बडा इमामबाडा, जिथे मोहर्रमच्या मजलिसी होत, तिथे फौजेने मुक्काम टाकला. आज एखाद्या लखनवी माणसाला पणजोबांचा मोहल्ला कसा होता हे पाहायचे असेल, तर ज्यांनी तो पाडला त्यांच्यासाठी काढलेल्या छायाचित्राकडेच जावे लागते. मला ही गोष्ट सहन होत नाही, पण त्याला इलाज नाही.

तरीही कॅमेरा फक्त त्यांच्याच हातात होता असे समजू नये. उठावाच्या आधीच लखनौत अहमद अली खान नावाचा छायाचित्रकार होता. लोक त्यांना छोटे मियाँ म्हणत. त्यांनी शहरातल्या इंग्रज साहेब-मेमसाहेबांचे आणि नवाबी घराण्यातल्यांचेही चेहरे टिपले. खुर्चीत बसलेली, थोडी अवघडलेली, साधी माणसे. त्यातले काही इंग्रज काही महिन्यांतच रेसिडेन्सीच्या वेढ्यात मेले. एका लखनवी मुसलमानाने काढलेली छबी हीच त्यांच्या घरच्यांकडे उरलेली शेवटची आठवण ठरली.

नंतरचे दारोगा अब्बास अली. हे नगरपालिकेत इंजिनिअर होते. १८७४मध्ये त्यांचा पन्नास छायाचित्रांचा ‘लखनौ अल्बम’ आला. मजकूर इंग्रजीत, वाचक कोण तर उठावाची ठिकाणे पाहायला येणारे साहेब लोक. पोट भरायचे होते, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण त्याच वर्षी त्यांनी आणखी एक अल्बम काढला, लखनौच्या तवायफांचा आणि नर्तकींचा. वर ज्यांचा उल्लेख केला त्या ओल्डनबर्ग यांना उठावानंतरच्या नगरपालिकेच्या कर-वह्यांत या तवायफा सर्वांत जास्त कर भरणाऱ्यांच्या यादीत सापडल्या. घरे, बागा, दुकाने त्यांच्या नावावर होती. बंडखोरांना मदत केली म्हणून ज्यांची मालमत्ता जप्त झाली त्या यादीतही त्या होत्या. बिआटोच्या पॅनोरमात चौकातली छपरे आहेत. त्या छपरांखाली कोण राहत होते हे अब्बास अलींमुळे थोडेफार कळते.

मराठी वाचकाला इथे वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतील. लखनौ पडले त्याच्या दोनेक आठवड्यांनंतर, एप्रिल १८५८च्या सुरुवातीला झाशी पडली. तिथे कॅमेरा नव्हता, दक्षिणेच्या आशेने गेलेले हे भटजी मात्र होते. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी झाशीतले ‘विजन’ लिहून ठेवले. आधी दागिने, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, धान्य, अशी घराघरातली लूट त्यांनी मोजली. भांड्यांचा हिशेब ठेवणारा माणूस घराच्या आत असतो. उंच दरवाजावरून भांडी दिसत नाहीत.

लखनौनंतर बिआटो दिल्लीला गेला आणि तिथेही त्याने जामा मशिदीवरून शहराचा पॅनोरमा घेतला. तेव्हा मशिदीत नमाज होत नव्हती, ती फौजेच्या ताब्यात होती. मुसलमानांना ती परत मिळाली १८६२मध्ये. सप्टेंबर १८५७ला शहरातून सगळ्यांना हाकलले गेले होते. हिंदूंना पुढच्या काही महिन्यांत परत येऊ दिले, मुसलमानांना परवाना लागे. मशीद आणि लाल किल्ला यांच्या मधली वस्ती, उर्दू बाजार, खास बाजार, खानम का बाजार, नंतर पाडून मैदान केले गेले.

पण दिल्लीच्या त्या छायाचित्रातली सगळी घरे रिकामी नव्हती. मशिदीच्या वायव्येला, चालत पंधरा-वीस मिनिटांवर बल्लीमारान आहे. तिथल्या हकिमांच्या हवेल्यांवर पटियालाच्या महाराजांचा पहारा होता, म्हणून ती गल्ली वाचली. त्या गल्लीत साठीचे मिर्झा गालिब राहत होते. पेन्शन बंद, दोस्त मेलेले किंवा परागंदा. पानिपतला मीर मेहदी मजरूहला, सिकंदराबादला हरगोपाल तफ्ताला ते पत्रे लिहीत होते. कोणता बाजार पाडला, कोणती विहीर बुजवली, कुणाला शहरात यायचा परवाना मिळाला, सगळे त्या पत्रांत आहे.