होडीतला दिवा आणि हवेतलं बटण

घोडबंदर रस्त्याने चेणे गावाशी आलात की एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो आणि दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. डोंगरातून उतरलेली चेणे नदी इथेच खाडीला मिळते. शेजारच्या घोडबंदरचं नावच सांगतं की हे मुळात पाण्याचं गाव. पोर्तुगीज काळात इथे घोडे उतरवले जात, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी इथला किल्ला जिंकला. आज रस्त्यावर रात्रभर ट्रकचे दिवे वाहत असतात, पण खाडी काळोखीच असते. त्या काळोखात होडी कुठे आहे आणि कुठे चालली आहे, हे सांगायला एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिच्यावरचा दिवा.

हा दिवा आता मोबाइलवरून लावता येतो. बाजारात बारा व्होल्टवर चालणारे छोटे वायरलेस कंट्रोलर मिळतात. ते बॅटरी आणि एलईडीच्या मध्ये बसवायचे, अ‍ॅप उघडायचं आणि बोट फिरवायचं. ही गोष्ट घरातून होडीत गेली असं आपल्याला वाटतं. इतिहास मात्र उलटा आहे. तारेविना दुरून लावलेल्या अगदी पहिल्या दिव्यांपैकी काही दिवे होडीवरच होते.

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात लोखंडी पत्र्याची सुमारे चार फुटी होडी सोडली. तिला ना दोरी, ना तार. टेस्ला दूर उभा राहून तिला वळवत होता, थांबवत होता आणि तिच्यावरचे दिवे उघडझाप करवत होता. ६४ चं घनमूळ किती, असं विचारल्यावर होडीने चार वेळा दिवे मिचकावले. आत माकड बसवलंय, अशी शंकाही काहींनी घेतली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला ६१३८०९ क्रमांकाचं पेटंट मिळालं.

आपल्याकडेही याच सुमाराला हेच चाललं होतं. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवल्या, तिथली घंटा वाजवली आणि दारू पेटवून दाखवली. दोघांनाही एकच गोष्ट सिद्ध करायची होती. हवेतून संदेश तर जातोच, पण हवेतून बटणही दाबता येतं.

टेस्लाच्या होडीत लहर ओळखायला धातूचा कीस भरलेली छोटी नळी होती. लहर आली की कीस एकमेकांना चिकटायचा, वीज वाहायची आणि स्विच चालायचा. पुढच्या आज्ञेआधी ती नळी उलटवून कीस पुन्हा मोकळा करावा लागे. म्हणजे आपल्या आजच्या कंट्रोलरमधला रिले आणि रिसीव्हर, दोन्ही त्या हौदात होते. आणि आजची अडचणही होती. कुठलीही भलतीच लहर आली तरी नळी फसू शकायची. म्हणून टेस्लाने पुढे दोन वेगवेगळ्या लहरी एकत्र आल्या तरच यंत्र चालेल, अशी योजना केली. १९०३ मध्ये तिचं पेटंट त्याला मिळालं.

पुढचा धागाही पाण्यातलाच. दुसऱ्या महायुद्धात अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीराला रेडिओवरून दिशा देण्याची युक्ती शोधली. संदेश एकाच लहरीवर न पाठवता सतत उड्या मारत वेगवेगळ्या लहरींवर पाठवायचा, म्हणजे शत्रूला तो अडवता येणार नाही. त्याचं पेटंट १९४२ चं. आपल्या खिशातलं ब्लूटूथ याच तत्त्वावर चालतं. क्लासिक ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा लहर बदलतं.

आता दिव्याच्या बाजूने पाहू. होडीवरचा दिवा आपल्याला दिसावं म्हणून कमी आणि आपण इतरांना दिसावं म्हणून जास्त असतो. वाफेच्या बोटी वाढल्या, टकरी वाढल्या, तेव्हा ब्रिटनने १८४८ मध्ये आगबोटींना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा लावणं बंधनकारक केलं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत तीच भाषा पक्की झाली. काळोखात समोर फक्त लाल दिसला तर त्या बोटीची डावी कूस आपल्याकडे आहे. फक्त हिरवा दिसला तर उजवी. दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ आपल्यावर येते आहे. एवढ्याशा तीन वाक्यांवर माणसांचे जीव अवलंबून असतात.

इथेच स्मार्ट दिव्याची खरी मेख आहे. अ‍ॅपमध्ये रंगाचं चक्र असतं आणि त्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग दाखवता येतात. पार्टीच्या बोटीला उजवीकडे लाल पट्टी लावली की ती समोरच्या तांडेलाला खोटं सांगते. १९७२ चे नियम हेही सांगतात की ठरलेल्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा पहारा देणाऱ्याचे डोळे दिपतील, असा दुसरा कुठलाही दिवा लावायचा नाही. फेब्रुवारी २०२४ पासून याच खाडीत भाईंदर ते वसई रो-रो फेरी चालते. डोल जाळं लावणारी छोटी होडी आणि गाड्या वाहणारी फेरी एकाच पाण्यात असताना रंग ही हौसेची बाब राहत नाही.

दिव्यावरून भांडणही झालं आहे. काही मोठ्या बोटी प्रखर एलईडी पाण्यावर सोडून मासळी गोळा करू लागल्या, तेव्हा पारंपरिक कोळी संतापले. लहान-मोठी सगळीच मासळी उजेडाकडे ओढली जाते आणि किनाऱ्याजवळच्या जाळ्यात काही उरत नाही, ही त्यांची तक्रार. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी वाद मिटलेला नाही.

बिनतारी यंत्र मात्र कोळ्यांच्या होडीत आलंच, पण दुसऱ्या वाटेने. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी एक मासेमारी बोट बळकावून आले होते. त्यानंतर बोटींची ओळख पटवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. इस्रोने विकसित केलेल्या या यंत्रावरून किनाऱ्यापासून दूर, मोबाइलची रेंज नसतानाही संकटाचा संदेश पाठवता येतो.

मग होडीत स्मार्ट दिवे लावायचे की नाही? जरूर लावावेत, पण दोन वाटे करून. केबिन, डेक, जाळं ओढायची जागा इथले दिवे खुशाल फोनवर घ्या. लाल, हिरवा आणि मागचा पांढरा यांना मात्र स्वतःची तार, स्वतःचा फ्यूज आणि हाताला सापडणारं साधं बटण हवं. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब क्षणभर पडतो, त्यात कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. फोन भिजतो, चार्जिंग संपतं. खारी हवा सांधे खाते. म्हणून डेकवरच्या गरजेच्या दिव्याचा रिले असा जोडावा की कंट्रोलर मेला तरी दिवा चालूच राहील. पासवर्डही कंपनीने दिलेला ठेवू नये. भलत्याच लहरीने होडी चालू नये, ही टेस्लाची काळजी आजही तशीच आहे.

सव्वाशे वर्षांत बटण तारेतून हवेत आणि हवेतून खिशात आलं. लाल म्हणजे डावी आणि हिरवी म्हणजे उजवी, ही भाषा मात्र बदललेली नाही. चेण्याच्या खाडीत रात्री समोरून येणाऱ्या तांडेलाला आपलं अ‍ॅप दिसत नाही, फक्त आपला दिवा दिसतो.